सात हंसांचा तलाव आणि खालचा वाडा

नगरपालिका, केळमळ
मंगळवार, दुपारचे दोन

तीर्थस्वरूप गोकुळदादास,

धाकट्या कमळीचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबूनच, कारण जवळ आले की तू दार लावून घेतोस.) तुझा खोकला कसा आहे? पार्वतीवहिनीचे गुडघे या पावसात काय म्हणतात? म्हैस व्याली असं ऐकलं, रेडकू दूध पितं ना? आमच्याकडे सगळी खुशाली आहे. तुझे भावोजी दत्तप्रसाद अजून रोज सकाळी अंगणातले तिन्ही टिपर दहा-दहा मिनिटं चालू करून बंद करतात, इंजिन जाम होऊ नये म्हणून. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण आमच्या आळीला घड्याळ लागत नाही, दत्तप्रसादांचा धूर आला की लोक पोदेराच्या पावाला बाहेर पडतात. मला मेलीला रक्तदाब आहे, पण तो नगराध्यक्षाच्या खुर्चीबरोबरच येतो, शिक्क्यासारखा.

पत्र लिहायचं कारण, तू फोन उचलत नाहीस. माझ्या केबिनपासून तुझं घर चालत बारा मिनिटं, आणि मी तुला पालिकेच्या छापील कागदावर पत्र लिहितेय, याचं हसू आलं तर खुशाल हस. मुद्दा आधीच सांगून टाकते, कारण मी एकदा भरकटले की मला परत आणणारं कोणी नाही: खालचा वाडा रिकामा करायचा आहे, आणि तो तुझ्यामुळे अडलाय. एकतीस घरं. वर खाणीच्या खड्ड्यात काठोकाठ पाणी, मध्ये तो मातीचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी तुम्ही. तीन दिवस गावातले बाकीचे टिपर वाड्याच्या तोंडाशी रिकामे उभे आहेत, वरच्या शाळेत चुली मांडल्या आहेत, जिल्ह्याची नोटीस घरोघरी पोचली आहे. (तुझ्या शेजाऱ्याने ती जनेलाच्या फुटक्या काचेवर चिकटवली आहे. सरकारी कागदाचा इतका चांगला उपयोग मी प्रथमच पाहिला.) पोलीस आले तेव्हा लोक शेतात गेले, पोलीस गेले तेव्हा घरी आले. विचारलं की सगळ्यांचं एकच, "गोकुळदास रावता मगो? मागीर आमी कित्याक वचप?" तू राहतोस तर त्यांनी का निघावं, बरोबरच आहे त्यांचं. सव्वीस वर्षं त्या खाणीचा पंप तू चालवलास. तो बांध तुझ्याइतका कोणाला कळतो? तू निवांत पेज जेवतोयस म्हणजे बांध धड आहे, असा वाड्याचा हिशेब. तू माझ्यावरच्या रागाने बसलायस, हे त्यांना कुठे माहीत!

तू म्हणशील, बाई (मार्चच्या सुनावणीपासून तू लोकांजवळ मला 'बाई' म्हणतोस, ते मला फार लागतं), बाई खुर्चीसाठी करते. म्हणून खुर्चीची गोष्ट एकदा माझ्याकडून ऐक. खाण चालू होती तेव्हा माझ्या खाणावळीत दुपारी दोनशे पानं उठायची. ट्रकवाले यायचे, ग्लासावर खाणीच्या धुळीची लाल बोटं उमटवायचे, माशाच्या हुमणात मीठ कमी म्हणून भांडायचे आणि तिसऱ्यांदा भात मागायचे. खाण बंद झाली त्या आठवड्यात मी सवयीने दोनशे माणसांचं हुमण केलं आणि अकरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी सात. मग गॅरेजं गेली, टायरवाले गेले, बँकेची दुसरी शाखा गेली, आणि एक दिवस न्हावीसुद्धा गेला. न्हावी गेला तेव्हा मला खरी भीती वाटली बघ. ज्या गावात डोकी उरत नाहीत तिथून न्हावी जातो. पोरं तुयेच्या कारखान्यात कंत्राटावर गेली, तिथेच खोल्या घेऊन राहिली. केळमळची मुलगी बाहेर देतात, पण बाहेरची मुलगी केळमळात देईनात. संध्याकाळी बाजारातून चाललं की दोन्ही बाजूंना शटरं, आणि त्यांवर लाल धूळ, जी आता उडवायलाही ट्रक नव्हता.

पालिकेत तेव्हा सात वर्षांत नऊ नगराध्यक्ष झाले होते. केबिनमधल्या फळ्यावर नावं लिहायला जागा संपली, म्हणून पेंटरने माझं नाव फळ्याच्या चौकटीवर लिहिलं आहे. (अर्धं चौकटीवर, 'क्षी' भिंतीवर.) दोन्ही गटांचं जमेना तेव्हा त्यांनी ठरवलं, ही खाणावळवाली निरुपद्रवी आहे, चहा बरा करते, दोन महिने बसू दे. मला आज अडीच वर्षं झाली. अविश्वास ठराव चार आले. चारही वेळा मी सगळ्यांना सभेआधी जेवायला घातलं आणि पोटभर जेवलेला माणूस हात वर करायला कंटाळतो हे माझं जुनं ज्ञान कामाला आलं. लोक याला राजकारण म्हणतात. मी त्याला वाढप म्हणते.

तलावाची कल्पना माझी नव्हे, नगरसेवक प्रज्योतची. तो कुठेतरी हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या बघून आला आणि म्हणाला, आपल्याकडे एवढा मोठा खड्डा, त्यात निळंशार पाणी, फुकट पडलंय. मला पटलं. मला तेव्हा काहीही पटलं असतं. पण होड्या आल्या त्या दिवसाची फजिती तू पाहिली नाहीस. आधीच्या नगराध्यक्षांनी गावाच्या तोंडावर 'सुस्वागतम्'ची कमान बांधली होती. ती ट्रक जाईल इतकी उंच आहे का, हे कोणी मोजलंच नव्हतं, कारण बांधली तेव्हा ट्रकच नव्हते! होड्यांचा ट्रेलर आला तो कमानीत बसला. पहिल्या हंसाचं मुंडकं 'सु' ला लागून तुटलं आणि गटारात पडलं. शेवटी सातही हंस उतरवून पोरांनी खांद्यावर घेतले, कोणीतरी ढोल आणला, आणि पालखी निघावी तसे हंस बाजारातून निघाले. म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून हात जोडत होत्या. एकीने बिनमुंडक्याच्या हंसाला हळदकुंकू लावलं. मी हसत होते आणि मला रडूही येत होतं, कारण कित्येक वर्षांनी बाजारात माणसं दिसत होती.

आणि दादा, हंस चालले. हे तू कबूल कर. नोव्हेंबरपासून रविवारी गाड्या लागायला लागल्या. रोस ऑम्लेटचा गाडा आला, मग दुसरा, मग दोघांचं भांडण. (भांडायला दोन गाडे आहेत याचाच मला आनंद, मी ते मिटवलं नाही.) आठ शटरं उघडली. तुयेहून चार पोरं परत आली. लाटंबार्सेची एक बाई काजूबिया घेऊन बसायला लागली. आणि जानेवारीत न्हावी आला. मी स्वतः जाऊन त्याच्या फिरत्या कदेलीवर बसले आणि म्हटलं, काप काहीतरी. बायकांचे केस आपण कापत नाही म्हणून त्याने नुसता आरसा पुसून दाखवला. त्या दिवशी घरी येऊन मी देवापुढे ओक्साबोक्शी रडले. खरंच सांगते, मला वाटलं, मी एक मेलेलं गाव उठवलं.

पुढचं तुझ्या-माझ्यातलं. दरवर्षी जानेवारीपासून तो खड्डा उपसायचा, पाणी शेतांच्या पाटाला सोडायचं, म्हणजे पावसाला जागा राहते, हे तू मला पहिल्यापासून सांगत होतास. पण उपसलं की पाणी पार तळाला जाणार आणि हंस चिखलात बसणार. म्हणून यंदा उपसा करायचा की नाही यावर मार्चमध्ये जनसुनावणी ठेवली. पालिकेच्या सभागृहाचं प्लास्टर पडलं होतं म्हणून ती देवळाच्या सभामंडपात घेतली. पणजीहून दोन अधिकारी आले. आणि ऐन वेळी माईक बंद पडला. तिघांनी वायर हलवली, चौघांनी 'हॅलो' म्हटलं, काही नाही. पाचशे माणसांना ऐकू जाईल असा आवाज गावात एकच, कृष्णनाथ घाड्याचा, जो वर्षभर देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालतो. तेव्हा ठरावाचा कागद त्याच्या हातात दिला. आता कृष्णनाथाला कागद वाचायची एकच चाल येते. त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या खड्ड्यातलां पाणी ह्या वर्सा उपसूचा न्हय असां पालिकेन येवजलां..." आणि पाचशे माणसं, बापजाद्यांपासूनची सवय, एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" त्याने बांधाची दुरुस्ती पुढच्या वर्षी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्याने हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी म्हटलं, त्यालाही "व्हय म्हाराजा!" खालच्या वाड्यातले लोक सगळ्यात जोरात. अधिकाऱ्यांनी चहा घेतला आणि लिहिलं, 'ठराव सर्वानुमते व उत्साहाने संमत.' तू एकटा खांबापाशी उभा राहून "नाका, नाका!" ओरडत होतास, पण गाऱ्हाण्यात 'नाका' म्हणायची जागाच नाही. लोकांना वाटलं तुला भोवळ आली. दोघांनी तुला पाणी पाजलं.

मग एप्रिलमध्ये कारंजं. प्रज्योत म्हणाला, पंप नुसता पडून आहे. म्हणून तो तराफ्यावर बसवला, आणि तुझा पंप, जो सव्वीस वर्षं त्या खड्ड्यातलं पाणी बाहेर काढत होता, तो ते पाणी तीस फूट वर उडवून परत त्याच खड्ड्यात पाडायला लागला. रोज संध्याकाळी पाच ते सात, रंगीत दिव्यांसकट. तू काठावर येऊन अर्धा तास बघत उभा होतास. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, दारातून एकदा काय बोललास तेवढंच.

आता पाऊस तीन आठवडे थांबलेला नाही. पालिकेची इंजिनिअर गौरवी (सडसडीत, चष्मेवाली, जेमतेम सव्वीसची, पण मला घाबरत नाही) रोज बांधावर जाते. तिचा अहवाल जूनमध्ये माझ्या टेबलावर आला, सरकारी टपाल म्हणजे तुला ठाऊकच. अहवाल वाचला आणि त्याच दिवशी मी कारंजं बंद करून पंप बाहेरच्या बाजूला लावला. दिवसरात्र चालू आहे. पण वरून येतं किती आणि पंप काढतो किती, हे मी तुला सांगायला नको. काल गौरवी म्हणाली, पायथ्याचा पाझर आठवड्यापूर्वी निवळ होता, आता गढूळ झालाय, म्हणजे बांध आतून माती सोडतोय. आठवडे नाहीत, दिवस आहेत. हे तुलाही दिसलंय. परवा तू वहिनीला म्हणालास, "पाण्याचें ताक जालां." वहिनीने मला येऊन सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, ती बिचारी गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन पावसात चालत आली.

म्हणजे तुला सगळं कळतंय आणि तरी तू पायथ्याशी बसलायस, वाळूच्या गोणी लावत. ही कुठली रीत, दादा? आपल्या बापाचा हट्ट आपण दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतलाय, पण त्याच्या हट्टापायी फार तर एक जमीन पडीक राहिली. तुझ्या मागे एकतीस घरं बसली आहेत. बाळंतीण आहे एक. शेवटच्या घरातली म्हातारी आहे, जिला चौघांनी उचलावं लागतं. माझ्यावर राग आहे ना? मग वर शाळेत ये आणि तिथे बसून कर. मी भात वाढीन, तू शिव्या दे.

थोरांस नमस्कार, रेडकाला गूळ. पत्राचं उत्तर नको, तू आलास की पुरे.

तुझी,
कमलाक्षी
(नगराध्यक्ष, तूर्त)

ता. क. वहिनी माहेरी सर्वणला जायचं म्हणत असेल तर तिला तिथे पोचवायचीही सोय केली आहे. मात्र निघताना आधी देव उचला, मग माणसं, भांडी राहू देत. तिची तांब्याची बालद मी नवी देईन.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट मी चुकीची लिहिली. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात थांबला. गौरवीचा अहवाल जूनमध्ये आला नाही. तो अकरा फेब्रुवारीला आला, टपालाने नव्हे, तिने स्वतः हातात दिला. बांधाला आतून चीर आहे, पाणी उपसा, दुरुस्ती करा, असं पहिल्याच पानावर होतं. मी तिला म्हटलं, बघू. आणि तो खणात ठेवला. त्या आठवड्यात न्हाव्याने दुसरी खुर्ची मागवली होती. एवढंच कारण, दुसरं काही नाही. त्या पोरीने नंतर दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा मी तिला जेवून जा म्हटलं.

ता. क. तिसरा. माईकही बंद पडला नव्हता. तुला संशय होताच. तू दारातून एकदाच बोललास, ते हेच, "पयलीं खरें सांग, मागीर हांव भायर सरतां." आधी खरं, मग तू बाहेर, तर घे. ठराव साध्या आवाजात वाचला तर खालचा वाडा उठून प्रश्न विचारील, तू उत्तरं देशील, आणि सुनावणी माझ्या हातून जाईल, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. कृष्णनाथाच्या तोंडून वाचला तर काय होईल तेही कळलं होतं. मी या गावात जन्मलेय, दादा. वायर मी काढली, खांबाच्या मागून, आरतीचं ताट ठेवायच्या निमित्ताने. कृष्णनाथाला काही माहीत नाही. त्याला आजही वाटतं, त्याने गावाचं भलं मागितलं. त्याला कोणी बोलू नये. त्या दिवशी पाचशे माणसांनी देवाला हो म्हटलं, मी ते माझ्या नावावर घेतलं. याला चूक म्हणत नाहीत. मी खूप शोधला, पण याला बरा शब्द नाही.

ता. क. चौथा. वरचे दोन्ही ता. क. मी वेगळ्या कागदावर उतरवून, सही-शिक्का मारून पालिकेच्या सूचना फलकावर लावले आहेत. लावताना शिपाई म्हणाला, "बायये, हें लायल्यार सांजेक तुजी कदेल वता." मी म्हटलं, जाऊ दे खुर्ची. दुसरी प्रत गौरवी जिल्ह्याला घेऊन गेली. तिसरी कृष्णनाथाच्या घरी मी स्वतः वाचून दाखवली. तो आत गेला आणि बाहेर आला नाही. तेव्हा आता खरं सांगायचं माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि तुला बसून राहायला कारणही.

ता. क. शेवटचा. अक्षर वाईट आहे, कागद भिजतोय, कारण हे मी तुझ्या पायरीवर बसून लिहितेय. पत्र दाराखालून सरकवते. तू वाचशील तोवर मी इथेच आहे, आणि वाचून दार उघडलं नाहीस तरी इथेच आहे. पाझर तुझ्या तुळशीपर्यंत आलाय, खिडकीतून बघ. एकतीस घरांतली माणसं आपापल्या दारात उभी राहून तुझ्या दाराकडे बघताहेत. मला हवं तेवढं मार, दादा. पण आधी दार उघड.